कमी तापणारा

"अगं, हात लावून बघ. तासभर चालू आहे, तरी कसा गार!" डब्याएवढा नवा संगणक विद्याधररावांनी बायकोपुढे धरला. महिनाभर प्रोसेसरांच्या कुंडल्या मांडून त्यांनी सगळ्यांत कमी वीज खाणारा निवडला होता. "जुना रात्रभर चालू राहिला की नुसती शेगडी व्हायची."

"हो ना," नलिनीताई हसू दाबत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जेवताना विद्याधररावांच्या भातावर दह्याऐवजी दूधच ओघळलं. दह्यावाचून त्यांचा घास उतरत नसे.

"हे काय?"

"थंडीत दही लागत नाही हो."

"दर हिवाळ्यात तर लागायचं!"

"लागायचं ना. विरजणाचं पातेलं मी तुमच्या त्या जुन्या शेगडीवरच ठेवायचे."

विद्याधरराव जुना संगणक उतरवायला माळ्यावर चढले.

आता घरात दोन संगणक चालू असतात. नवा वीज वाचवतो, जुना दही लावतो.