पगाराचा खरा आकडा

"जाहिरातीत खरा पगार लिहिलास, तर बाहेरच्यांआधी आपलेच लोक ती वाचतील," असं माझ्याआधी ऑफिसात पगार आणि भरती पाहणाऱ्या शर्वाणीताई नोकरी सोडताना बजावून गेल्या होत्या. मी ते हसण्यावारी नेलं होतं.

काल न्यू जर्सीतल्या आमच्या छोट्या कंपनीसाठी अकाउंटंटची जाहिरात लिहीत होते. कंपनीचे मालक प्रधानसाहेब मागे येऊन उभे राहिले. "पगार 'अनुभवानुसार' लिही गं."

"नाही चालत, साहेब. इथल्या कायद्याने आकडा द्यावाच लागतो."

"मग तीस हजार ते तीन लाख डॉलर टाक. बसू देत अंदाज करत!"

"तुम्ही खरंच किती देणार, तेच लिहायचं असतं."

"वर्षाला सत्तर हजारांच्या खाली कोण येतंय आता?" ते कुरकुरले.

शेजारच्या टेबलावरची केतकी हेच काम बावन्न हजारांत करते आणि कधी वाढ मागत नाही. तिचा पगार मीच काढते.

साहेबांच्याही लक्षात आलं. "केतकीने वाचलं तर?"

माझं बाळ आठ महिन्यांचं. त्याच्या पाळणाघराचे पैसे माझ्याच पगारातून जातात. माझीच नोकरी गेली तर, हे मनात आलंच. तरी म्हटलं, "वाचू दे," आणि सत्तर हजार लिहून जाहिरात टाकली.

आज सकाळी केतकी फोनवर ती जाहिरात उघडून माझ्याकडे आली. "ताई, हे माझंच काम आहे ना?"

"तुझंच. आत जा आणि एवढाच पगार माग."

ती आत्ता साहेबांच्या केबिनमध्ये आहे. दार बंद आहे आणि माझं कामात लक्ष नाही. तुमच्या ऑफिसातही कधीच काही न मागणारी कुणी असेल, तर तिने कंपनीची नवी जाहिरात वाचली का, तेवढं तिला आज विचारा.