रविवारचं पाणी

लग्न होऊन कळंबला आलेल्या आरतीनं हौसेनं काचेच्या टाकीत मासे सोडले, झाडं लावली. पण नळाचं पाणी जड. पानं पिवळी पडली. हे कळल्यावर तिचे वडील, आबा, भीमाशंकरच्या डोंगरातून दर रविवारी एसटीनं कॅनभर झऱ्याचं पाणी आणू लागले. पुढं दुकानदारानं जड पाण्यात तगणारी झाडं दिली. आबांच्या पाण्याची गरज उरली नाही. पण तसं सांगितलं तर म्हातारा यायचा थांबेल, म्हणून ती गप्प राहिली. प्रत्येक कॅन त्यांच्यासमोर टाकीत ओतत गेली. आबांच्या तेराव्यानंतर धाकटा भाऊ तोच कॅन घेऊन दारात उभा राहिला. "ताई, आबा जाताना म्हनले, पोरीची झाडं जगली पायजेत, पानी चुकवू नको. ओत की, पुढच्या रविवारी भरून आनतो." आरतीनं झाकण उघडलं. ओल्या कातळाचा वास आला, आणि तिच्यानं थेंबभरही ओतवेना.