गरम व्हायला नको

"ब्याण्णव," अनिमेष म्हणाला. "अजून चढतंय."

"म्हणजे वाईट का?" वल्लरीनं ओट्यापाशी उभं राहूनच विचारलं.

"पाण्याला उकळी फुटायला थोडंच बाकी. पण अडकला नाही अजून. जुना एव्हाना गचकला असता."

"अनिमेष!"

"सॉरी. बंद पडला असता."

जुना लॅपटॉप कसला, इस्त्रीच होती ती! मांडीवर घ्यावा तर चटका, टेबलावर ठेवावा तर पंख्याची घरघर. आणि मान टाकायचा तोही नेमका सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या, व्हिडिओ कॉलमध्ये. गेल्या रविवारी बोलता बोलता त्यांच्या लेकाचा, कुशलचा, चेहरा जो थिजला तो थिजलाच. तिकडे पुण्यात आईंना धडधडायला लागलं, घाम फुटला. बायपास झालेलं त्यांचं. त्यांच्या धाकट्या दिरांनी, दीनानाथकाकांनी, नंतर वल्लरीला फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. "डॉक्टरांनी बजावलंय, धक्का म्हणून बसता कामा नये. वहिनीचा सगळा जीव त्या कॉलमध्ये आहे. तुमचा तो डबा बदला आधी!"

म्हणून हा नवा. अनिमेष कुशलच्याच लॅबमधला, इथे परदेशात, क्लेमेंटीतच दोन ब्लॉक पलीकडे राहणारा. कुशलच्या लग्नात आईंनी त्याला घरच्या मुलासारखा फेटा बांधला होता. आज सकाळपासून तो त्या लॅपटॉपच्या हात धुऊन मागे लागला होता. ढीगभर पानं उघडून पाहिली, सिनेमा लावला, चार्जर काढून बॅटरी किती तग धरते ते बघितलं. कळा मऊ आहेत म्हणाला, आवाज जरा पत्र्याचा आहे म्हणाला. खरी कसोटी मात्र कुशलनं लॅबमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमची. तो प्रोग्रॅम म्हणजे भस्म्या झालेला पाहुणा. प्रोसेसर कितीही दमदार असो, त्याला पुरा पडायचा नाही.

"खालून हवा खेळली पाहिजे," अनिमेष म्हणाला. वल्लरीनं दोन वाट्या आणल्या. त्या पालथ्या घालून त्यानं लॅपटॉप वर ठेवला. एसी जोरात केला. आकडा हळूहळू उतरला.

"पंख्याचा आवाज आईंना गेला तर?"

"एसीचा आहे म्हणायचं." मग खालच्या कॉफी शॉपवाल्या अंकलचा हुबेहूब आवाज काढून तो म्हणाला, "टू हॉट लाह! अंकल ऑल्सो टू हॉट, गो होम लाह!"

वल्लरीला हसू फुटलं. लगेच तिचं तिलाच ते हसणं टोचलं. नकला करण्यात अनिमेषचा हात धरणारा कुणी नव्हता.

तिनं चहाचे दोन कप ओतले. आज कुशलचा वाढदिवस, म्हणून शिरा केला होता. तो झाकलेलाच राहिला. कुशलचा निळा शर्ट तिनं इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"आजचं नीट पार पडू दे रे," ती म्हणाली. "कॉल संपला की हे घर मला खायला उठतं."

अनिमेषनं पुन्हा आकडा पाहिला. कपातला चहा त्यानं तसाच ठेवला.

ऊन उतरलं. खाली शाळकरी पोरांचा चेंडू आपटत होता. वल्लरी तोंड धुवायला आत गेली, तेवढ्यात कॉलची घंटी वाजली. ती बाहेर आली तेव्हा पडद्यावर निळ्या शर्टातला कुशल आलेला होता.

"शंभर वर्षांचा हो, राजा!" आई म्हणाल्या.

"ते राहू दे. गोळी घेतलीस का?"

"घेतली रे बाबा! पूर्वी महिना महिना तुला आईची आठवण व्हायची नाही. आता दर रविवारी मेली ती गोळी!"

"सुधारलो म्हण की."

"म्हणते हो," आई हसल्या.

चित्र कसं लोण्यासारखं सरकत होतं. कोपऱ्यातला आकडा बघून वल्लरीचा जीव भांड्यात पडला. आणि तेवढ्यात आईंनी तबक पुढे ओढलं. निरांजन लावलेलंच होतं.

"वल्लरी, ओवाळते मी इथून. कुंकू तेवढं तू लाव त्याला."

"आई, कुंकू बहुतेक..."

"संपलं म्हणू नकोस. मागे देव्हाऱ्यात करंडा दिसतोय मला."

"आई, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" कुशल म्हणाला.

"तू गप्प बस. लाव गं."

दिवसभर एवढ्या चाचण्या झाल्या, पण वाढदिवसाला कुणीतरी कपाळाला बोट लावणार, हे दोन शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. वल्लरीनं करंडा उघडला. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि पुढे केलं.

लॅपटॉपचा पंखा किंचाळायला लागला. पडद्यावर कुशलचं कपाळ तिच्या बोटाभोवती पाण्यासारखं हललं, भुवया सरकल्या, आणि प्रोग्रॅमनं चढवलेला अख्खा चेहरा निसटला. त्याखाली अनिमेष होता, कुशलच्या शर्टात, आ वासून. इथल्याच मंडाई नावाच्या भागातल्या स्मशानातून कुशलची राख घरी आणली, तेव्हापासून दर रविवारी त्या खुर्चीत तोच बसत आला होता.

वल्लरीचं बोट त्याच्या कपाळावरच राहिलं. लॅपटॉप मिटावा, एवढंही कुणाला सुचेना. "आई..." ती म्हणाली.

आईंचा हात छातीकडे गेला नाही.

"थांबलीस का? नीट लाव," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तबक उचललं, डोळे न पुसता पडद्यासमोर सावकाश ओवाळलं आणि अक्षता टाकल्या.

"औक्षवंत हो, अनिमेष."