फीच्या कागदावरचा आकडा

पोस्टाच्या खिडकीमागे बसलेल्या देवमनने चष्मा कपाळावर ढकलला आणि कॉलेजच्या प्रवेशाचे पत्र पुन्हा वाचले.

"किसनभाऊ, पोरीले अमरावतीचं सरकारी कॉलेज लागलं होतं ना? वर्षाले वीस हजारात काम होत होतं. मंग हे अकोल्याचं, दोन लाखवालं काहून?"

"पोरीच्या शिक्षनात पैसा पायतो काय मी?" किसनराव म्हणाले.

मोर्शीच्या पोस्टातल्या रांगेने हे वाक्य ऐकले. रांगेला ऐकू जाईल इतक्याच आवाजात ते उच्चारले होते. मागून कोणीतरी म्हणाले, "बाप असावा तर असा." रागिणीने मान खाली घातली. तिला बापाचा अभिमान वाटत होता आणि तो लपवणे तिला जमत नव्हते.

ती नऊ वर्षांची असताना किसनरावांनी पोस्टात तिच्या नावे मुलींच्या बचत योजनेचे हे खाते उघडले. बगीच्यातला संत्र्याचा बहार विकला गेला की पहिली रक्कम त्यातच जाई. मुलींच्या खात्याला व्याज सर्वांत जास्त, हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतले होते. मोठ्या मुलाच्या, शेखरच्या, नावे त्यांनी कधीच काही टाकले नाही. गावाला याचे फार कौतुक होते.

"अठरा झाले की निम्मी रक्कम शिक्षनासाठी निघते," देवमनने नियम सांगितला. "पन फीच्या कागदावर जेवढा आकडा, तेवढीच. तुमचा चार वर्षाचा आकडा आठ लाख. निम्म्यात बराबर बसते."

"बसवलाच हाये," किसनराव म्हणाले आणि दोघेही हसले.

मग सह्या झाल्या. किसनराव कागदावर बोट ठेवत आणि बोट असेल तिथे रागिणी सही करी. त्या घरात सही करणाऱ्याने कागद वाचणे हा बापाचा अपमान समजला जाई. रागिणीच्या आईने, पार्बताबाईंनी, माहेरच्या वावरातला आपला हिस्सा असाच, स्वतःच्या वडिलांच्या बोटाखाली, भावांना सोडून दिला होता. रागिणी त्या मानाने सुशिक्षित होती. अमरावतीची जागा सोडण्याचा अर्ज तिने स्वतः वाचून, स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिला होता.

शेवटचा कागद तिच्याच बँक खात्याचा चेक होता. पोस्टातली रक्कम त्या खात्यात जमा व्हायची होती. चेकवरची नावाची आणि रकमेची जागा कोरी होती.

"कॉलेजचं नाव लांबलचक हाये," किसनराव म्हणाले. "घरी बसून सावकाश लिहितो. पैसे आले की मीच भरून येतो. तू करून ठेव सही."

तिने सही केली.

त्या संध्याकाळी नागपूरचा चंद्रभान घरी आला होता. परदेशातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत जागा मिळवून देण्याचा त्याचा व्यवसाय होता. शेखर प्रवेशपरीक्षेत दोनदा आपटला होता. बर्फाळ मुलखातल्या एका जागेचे माहितीपत्रक चंद्रभानने चहाच्या कपाशेजारी ठेवले, तेव्हा किसनरावांनी रागिणीदेखत मुलाला झापले.

"लाज वाटू दे जराशी! आपल्या बहिनीले पाय. तुह्यासाठी माह्याजवळ दमडी नाही!"

शेखर माहितीपत्रक चाळत राहिला. एरवी तो एका शब्दाला चार शब्द परत करी. चंद्रभाननेही शांतपणे चहा संपवला.

पुढच्या पंधरवड्यात घरात चाकांची मोठी बॅग आली, डब्यांतून चिवडा आणि लोणचे भरले गेले. एके दुपारी पार्बताबाई एका जाड, काळ्या कोटाच्या गुंड्या घट्ट करीत बसलेल्या रागिणीला दिसल्या.

"माय, अकोल्यात कोट? तिथं पंख्याखाली मानूस शिजते!" रागिणीने तो अंगावर धरून पाहिला. "अन् केवढा हा! मी अन् माही मैत्रीन दोघी मावून जाऊ."

"ठेव तो खाली," आई म्हणाली. तिने सुईतून नजर वर केली नाही.

"फी भरली का, बाबा?" रागिणीने रविवारी विचारले.

"सगळी भरली, बेटा. एकदम."

सोमवारी सकाळी गाडी दाराशी उभी राहिली. रागिणी आतल्या खोलीत वेणी घालत होती. बाहेर शेजारणींचा आवाज वाढला, बॅग डिकीत गेल्याचा धप्पकन आवाज आला. तेवढ्यात फोन वाजला. अकोल्याहून संदेश होता: मुदतीत शुल्क जमा न झाल्याने आपला प्रवेश रद्द करण्यात आला आहे.

अर्धी वेणी हातात धरून ती धावत बाहेर आली.

"बाबा, थांबा! त्यायची काहीतरी चूक होऊन राहिली…"

कोणी वळून पाहिले नाही. चंद्रभान गाडीपाशी पासपोर्ट आणि विमानाचे तिकीट पुन्हा तपासत होता. पार्बताबाई औक्षणाचे ताट घेऊन उभ्या होत्या. समोर पाटावर शेखर होता, कपाळाला कुंकू लावलेला, भाद्रपदाच्या उकाड्यात घामाने निथळत. बॅगेत मावला नाही म्हणून काळा कोट त्याने अंगातच घातला होता.

तो त्याला तंतोतंत बसला होता.