अकराच्या आत

फ्लॅट दाखवायचा तो सकाळी अकराच्या आत, हा आमच्या सेल्स ऑफिसचा न लिहिलेला नियम होता. अकरानंतर वारा फिरायचा आणि मागच्या कचरा डेपोचा वास थेट हॉलमध्ये यायचा.

सबनीस बाईंना मी साडेनऊलाच बोलावलं. त्यांनी गॅलरीचं दार उघडलं, छातीभर श्वास घेतला आणि म्हणाल्या, "ह्यांना दमा आहे हो. इथं आले की शहरातल्या धुरातून सुटतील एकदाचे."

दुपारी एकदा येऊन बघा, हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. मी बुकिंगचा फॉर्म पुढे केला.

तीन वर्षांनी सोसायटीच्या कागदांवर सही घ्यायला गेलो, तेव्हा दुपारचे चार वाजले होते. खिडक्या बंद होत्या आणि फटींत ओले टॉवेल कोंबलेले होते. आतल्या खोलीतला खोकला थांबत नव्हता. बाईंनी कपावर बशी झाकून चहा आणला.

"वास येतोय ना? माफ करा हं," त्या ओशाळून म्हणाल्या. "पुढच्या वेळी अकराच्या आत या. तेव्हा घर अगदी तुम्ही दाखवलं होतं तसंच असतं."