ओव्याची धुरी

"घरात चूल आहे?"

"नाही, गॅस आहे."

"कुणी विडी-सिगारेट ओढतं?"

"छे!"

दम्याने मुलं दगावलेल्या घरांत कारणं शोधत फिरायचं, हे माझं काम. छबूताईंची चार वर्षांची मुलगी गेल्या महिन्यात गेली. माझ्या फॉर्मवर सगळी उत्तरं 'नाही'च येत होती.

"मी काही कमी केलं नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "धाप लागली की निखाऱ्यांवर ओवा टाकून धुरी द्यायचे. धूर वाया जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या लावून. शेवटच्या दिवशी तर तीनदा दिली."

माझं पेन थांबलं. मग मी खूण केली.

"हे लिहिलंत ना?" त्यांनी वाकून विचारलं.

"लिहिलं," मी म्हणाले, आणि 'घरात धूर होतो?' यापुढची 'हो'ची खूण तळहाताने झाकली.