भिंतीवरचं दार

चाकूरच्या माणिकप्पांना रीतभात नाही, हे पार्वतम्माला सोयरिकीच्या पहिल्या फोनलाच कळलं होतं. पोरगी किती शिकली, काय करती, ते काही नाही. एकच विचारणं: "गप राहनारी हाय ना? आमच्या घरी बाया लई बोलत न्हाईत." तीन फोन झाले, तिन्हीदा हेच. पण नात मंजुश्रीला त्यांचा नातू मनापासून आवडला होता, म्हणून पार्वतम्मानं तोंड आवरून धरलं होतं. तिला ते जड गेलं.

आज तर हद्द झाली. पाहुण्यांसाठी पोहे फोडणीला पडले तेवढ्यात समोरची बांगड्यावाली रेहानाबी धावत आली.

"अम्मा, तुमारे मेहमान गुस्से में वापस जा रैं."

"आले कवा, जायला?"

पार्वतम्मा उलथनं हातात घेऊनच घराच्या मागं, मोठ्या रस्त्यावर आली. तिथल्या भिंतींवर मन्मथ पेंटरनं गेल्या महिन्यात सगळी गल्ली रंगवली होती. रेहानाबी आणि तिच्या बांगड्या, सरदारजी आणि त्यांचा ट्रक, चांगुणाचा भाजीचा गाडा. पार्वतम्माच्या घराच्या मागच्या भिंतीवर त्यानं एक उघडं दार काढलं होतं. त्या अंगाला घराला दार नव्हतंच कधी. दारात खुद्द पार्वतम्मा, जिवंत बाईएवढी, डोक्यावर पदर, कपाळी विभूती, ओठ मिटलेले. नांदेडात आता तिच्या घराची हीच खूण झाली होती. मंजुश्रीनं पाहुण्यांनाही फोनवर तीच सांगितली होती: मोठ्या रस्त्यावर, उघड्या दारात आजी उभी.

माणिकप्पांचा एक पाय ऑटोत होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"तीन येळा हात जोडून शरणार्थ म्हनलो," ते ऑटोवाल्याला सांगत होते. "बाई जागची हलना. या न्हाई, बसा न्हाई. नुसती बघून राहिली. एवढी मिजास? अशा घरची पोरगी नको आपल्याला."

ऑटोवाल्यानं भिंतीकडं पाहिलं. मग उलथनं घेतलेल्या पार्वतम्माकडं पाहिलं, आणि तोंड रुमालात घातलं.

पार्वतम्मानं माणिकप्पांचा हात धरला, चार पावलं चालवत नेलं आणि तो हात दारातल्या बाईच्या तोंडावर टेकवला. भिंत उन्हानं तापली होती. माणिकप्पांनी नाक चाचपलं, पदर चाचपला, मग चौकट. त्यांचा हात हळूच खाली आला.

"शरणार्थ, अप्पा," पार्वतम्मा म्हणाली. "गप राहनारी पाहिजे म्हनून तीन फोन केलाव. ही घ्या. महिना झाला, चकार शबुद न्हाई. तुमचं हिच्यासंगं तीन मिंटं बी जमलं न्हाई."